चि. सौ. कां. रुख्मिणीचे प्रकाशन

प्रभाकररावांनी कादंबरी लिहिली, यात त्यांचा तसा काही दोष नव्हता. ते आर्वीच्या एका शाळेत हेडक्लार्क होते. हेडक्लार्कला इकडे बडेबाबू म्हणतात आणि बडेबाबूंचं लेखन म्हणजे दाखले, पटावरच्या नोंदी आणि ‘उपरोक्त विषयास अनुसरून’. बावीस वर्षं त्यांनी याखेरीज एक ओळ लिहिली नव्हती. निवृत्तीपर्यंत लिहिलीही नसती. पण अठ्ठ्याण्णव सालच्या जुलैत त्यांच्या मयुरीने लिहिणं सोडलं आणि सगळं तिथून सुरू झालं.

मयुरी तेरा वर्षांची, आठवीत. वाचनालयातली किशोर विभागाची दोन कपाटं तिने वाचून संपवलेली. एका गोष्ट-स्पर्धेसाठी तिने स्वतः गोष्ट लिहिली आणि गोष्टीतल्या मुलीला आपल्या घरी बोलतात तसंच बोलायला लावलं. परीक्षकांनी त्या मुलीचं सगळं बोलणं लाल शाईने खोडलं आणि खाली शेरा मारला, ‘भाषा ग्राम्य. नायिकेस शोभत नाही.’ मयुरीने वही मिटून रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवली. रडली नाही. रडली असती तर प्रभाकररावांना समजूत काढता आली असती.

“बाबा, पुस्तकातल्या पोरी पुण्याले राह्यते,” ती म्हणाली. “त्याईच्या घरी बाग राह्यते, मोठं कुत्रं राह्यते. एक मामा जहाजावर राह्यते. आपल्यासारखं बोलते ते फक्त भांडेवाली नाई तं चोर. आपून पुस्तकात बसतच नाई.”

“असं काऊन म्हणतं, बेटा?”

“दोन कपाटं पाह्यले ना मी.”

आता दोन कपाटं म्हणजे पुरावा झाला, आणि पुराव्यापुढे बडेबाबू लोकांचं काही चालत नाही. प्रभाकरराव रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत अस्वस्थ होते. हात धुताना त्यांनी जाहीर केलं, “मी लिहितो पुस्तक. पोरीले तिच्यासारखी पोरगी भेटलीच पाह्यजे.”

“काय लिहिता?” त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई म्हणाल्या. “रजेचा अर्ज?”

प्रभाकररावांना हे लागलं. त्याच रागात त्यांनी तीन महिन्यांत कादंबरी पुरी केली. नाव ‘रुख्मिणी’. आर्वीच्या शाळेचं छत गळतं, शाळेला अचानक सुट्टी मिळते, रुख्मिणी एसटीत बसून नाचणगावला आत्याकडे जाते आणि चोरीला गेलेल्या बैलजोडीचा छडा लावते. रुख्मिणी मयुरीसारखीच बोलत होती. निवेदन मात्र बडेबाबूंचं होतं: ‘सदर मुलगी निंबाच्या झाडावर चढली. चढण्यापूर्वी तिने आजूबाजूस पाहिल्याचे आढळून येते.’ त्यांना स्वतःला ही शैली फार ओघवती वाटली. मयुरीला त्यांनी यातलं एक पानही दाखवलं नाही. छापील पुस्तकच एकदम तिच्या हातात ठेवायचं होतं.

हस्तलिखित पुण्याच्या एका प्रकाशकांकडे गेलं. उत्तर सभ्य होतं. ‘कथानक वेधक आहे. मात्र किशोरवाचकांना नायिका आपली वाटली पाहिजे. त्यासाठी आर्वीऐवजी पुणे, आत्याऐवजी मावशी व बैलजोडीऐवजी मांजर, असे किरकोळ बदल सुचवतो. बोलीभाषा एखाद्या विनोदी गड्याच्या तोंडी शोभून दिसेल.’ प्रभाकररावांनी हे पत्र सात वेळा वाचलं. पुणे त्यांनी एकवेळ सहन केलं असतं. पण नांगराला जुंपायची अख्खी बैलजोडी कोणी मांजर करून टाकावी, हा अपमान त्यांना गिळता येईना.

“आपून स्वतः छापू,” ते म्हणाले.

छापायचं म्हणजे हेमराजकडे. हेमराजच्या छापखान्यात फक्त लग्नपत्रिका छापल्या जात. तालुक्यातली निम्मी लग्नं त्याच्या खिळ्यांनी जुळलेली होती. कादंबरी त्याने कधी छापली नव्हती, वाचली तर मुळीच नव्हती, पण धंद्यात त्याने कोणाला नाही म्हटलं नव्हतं.

“टेन्शन मत लो, बडेबाबू,” हेमराज म्हणाला. “पत्रिका चार पानाची, हे दीडशे पानाचं. बाकी काय फरक हाये? नावं जास्त, एवढंच. मले फक्त सांगा, कोनाकोनाचे नावं टाकाचे? कोनी सुटलं नाई पाह्यजे. पत्रिकेत नाव सुटलं तं मानूस मरेपर्यंत इसरत नाई.”

“ही कादंबरी आहे, हेमराजशेठ.”

“हाव ना. पन लोकं तं तेच हायेत.”

प्रभाकरराव यावर हसले. त्यांनी तिथेच विचार करायला हवा होता. पत्रिकेची कच्ची प्रत छापखान्याच्या दारात दोरीवर टांगायची, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचायची, राहिलेलं नाव सांगायचं, ही हेमराजकडची जुनी पद्धत. त्याने कादंबरीची पानंही तशीच टांगली. मयुरीला तेवढी त्या गल्लीत जायची बंदी झाली. दोन दिवसांत गावाला कळलं की बडेबाबूंचं काहीतरी निघतंय आणि त्यात आपण कसे आलोय ते बघून घेतलं पाहिजे.

पहिल्या आल्या शेजारच्या शकुंतलाबाई. वय पंच्याहत्तर, हातात ट्रान्झिस्टर.

“का जी, तुमच्या पुस्तकात म्हातारी हाये म्हणते. काय करते ते?”

“गोष्टी सांगते. तुळशीला पाणी घालते.”

“आन?”

“आणखी... देवाचं करते.”

“मले एक तरी गोष्ट येते का?” शकुंतलाबाई कडाडल्या. “मी किरकेट ऐकतो दिवसभर. सारी कालनी मले स्कोर पुसते. पुस्तकातल्या म्हाताऱ्याईले दुसरं कामच नाई का? बदला ते.”

प्रभाकररावांना मुद्दा पटला. म्हातारीने तुळस सोडली आणि ती ट्रान्झिस्टर कानाला लावून बसली. एक बदल झाला, एवढ्याने काय बिघडतं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी नाचणगावहून तानबाजी उतरले. तानबाजी म्हणजे प्रभाकररावांच्या बहिणीचे यजमान, इकडच्या भाषेत भाटवे, घरचे जावई. जावयाला चहाआधी खुर्ची आणि खुर्चीआधी तक्रार विचारावी लागते.

“तुमच्या पुस्तकातला शेतकरी रडून राह्यला म्हणते?”

“त्याचे बैल चोरीला गेलेत, भाटवे.”

“मंग? माहे बैल गेलते मांगच्या साली. मी रडलो का? मी पयले चहा पेलो, मंग शोधाले गेलतो. शेतकरी म्हणलं का तुमाले त्याले रडवल्याशिवाय जमत नाई. आमी हासत नाई का? आमच्या इथं रंगीत टीव्ही हाये, ते काऊन नाई लिहिलं?”

शेतकरी हसू लागला. त्याच्या घरी रंगीत टीव्ही आला. बैल गेल्यावर त्याने आधी चहा घेतला आणि मग एक सिनेमा पाहिला. यात एक अडचण झाली, की बैल गेल्याची कोणालाच काळजी वाटेनाशी झाली, पण जावयांचं समाधान झालं होतं.

इकडे हेमराजने काम थांबवलं. कादंबरीत चोराला दुकानदाराने लपवलं होतं, आणि हेमराज स्वतःला दुकानदारच समजे. “हे पान माह्या हातानं जुळत नाई,” तो खिन्नपणे म्हणाला. “हर किताब में दुकानदार बदमाश. सच बोलो बडेबाबू, मी तुमाले कधी खोटं माप देल्लं का?” प्रभाकररावांनी दुकानदाराला सज्जन केलं. त्याने येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातावर गूळ ठेवायला सुरुवात केली. मग चोर कोण, हा प्रश्न आला. चोर आर्वीचा म्हटला तर आर्वी नाराज. सिंदीचा म्हटला तर छापखान्यात पत्रिकेला आलेलं सिंदीचं अख्खं वऱ्हाड उभं राहिलं. त्याला आडनाव दिलं तर आडनावावरून लोकांनी जात काढली, आणि नाही दिलं तर लोक जास्तच बारकाईने अंदाज बांधू लागले. शेवटी प्रभाकररावांनी चोर काढून टाकला. बैल आपले आपणच गेले होते आणि आपले आपणच परत आले.

सुलोचनाबाईंनी आपल्या शिवणक्लासच्या अकरा पोरींसमोर त्यांना धरलं. “पुस्तकातली आई पयल्या पानापासून पोया लाटून राह्यली. एकडाव तरी तिले बसलेली दाखवा.” आई बसली. एकशे पन्नास पानं ती उठली नाही. पोळ्या वडिलांकडे आल्या, आणि शाळेतले शिपाईसुद्धा “बडेबाबू, आज कनीक मळली का?” असं विचारू लागले.

राहिली शाळा चालवणाऱ्या संस्थेची परवानगी. नोकराने पुस्तक काढायचं तर ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि ते प्रमाणपत्र टाईप करणं हे बडेबाबूंचंच काम होतं. त्यांनी स्वतःला अर्ज केला, स्वतः आवक नोंदवला, त्यावर ‘सादर’ लिहून सचिवांपुढे ठेवला. सचिवांनी एकच अट घातली: कथेतील शाळेचे छत गळू नये. छत दुरुस्त झालं. त्यामुळे सुट्टी गेली. सुट्टी गेली म्हणून सगळी कथा रविवारी ढकलावी लागली. ती एकाच रविवारात बसेना, म्हणून त्या महिन्यात सात रविवार आले.

या सगळ्या मंडळींची नीट सोय लावता लावता रुख्मिणी एकसष्टाव्या पानावर गेली. तोवर कोणी तिच्याविषयी काही बोलायला आलं नव्हतं. शेवटचं प्रूफ तपासताना प्रभाकरराव तिच्यापाशी आले. तिचं ते घरचं बोलणं छापील अक्षरात पहिल्यांदाच दिसलं आणि त्यांना तो लाल शाईचा शेरा आठवला, पुण्याचं पत्र आठवलं. उद्या हे सगळीकडे जाणार. लोक हसतील, आणि हसतील ते मयुरीला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि रुख्मिणीचं बोलणं ओळ न् ओळ सुधारलं. आता ती म्हणत होती, ‘आत्या, मला सदर पेरू हवा आहे.’ सगळ्या पुस्तकात हा एकच बदल त्यांनी कोणी न सांगता केला, आणि कोणाला सांगितलाही नाही.

मग प्रकाशन समारंभाची निमंत्रणपत्रिका. ती मात्र हेमराजच्या हातचा मळ होती. “तुमी मजकूर सुद्धा लिहू नका,” तो म्हणाला. त्याच्याकडे पत्रिकेचा साचा कायम जुळवून ठेवलेला असे. त्याने ‘शुभविवाह’च्या जागी ‘शुभप्रकाशन’ घातलं. ‘ज्येष्ठ कन्या’ तसंच ठेवलं, कारण प्रभाकरराव एकदा भावुक होऊन ‘ही माझी मानसकन्याच’ असं म्हणाले होते. त्यामुळे ‘चि. सौ. कां. रुख्मिणी’ आलं. वर गणपती, खाली विनीत म्हणून बावन्न नावं, पोरांच्या यादीवर ‘किलबिल’, तळाला ‘आहेर आणू नये’. स्थळ: मंगल कार्यालय. गावात तेवढीच एक मोठी जागा होती. पहिल्या गठ्ठ्याच्या चारी कोपऱ्यांना हेमराजने सवयीने हळदही लावली आणि सवयीनेच गठ्ठा वाटायला काढला. प्रभाकररावांनी पत्रिका पाहिली ती वाटून झाल्यावर.

पत्रिकेत माणूस तीनच गोष्टी वाचतो: आपलं नाव, जागा आणि जेवणाची वेळ. त्यामुळे गावाने ठरवलं की बडेबाबू मुलगी उजवतायत आणि पुस्तक त्याच मांडवात वाटणार. रुख्मिणी हे मयुरीचं जन्मनाव असणार. पण एका चौकस माणसाने चौथी गोष्टही शोधली. नवरदेवाचं नाव कुठेच नव्हतं. आठवीतली पोर, घाईचं लग्न, नवरदेव लपवलेला. कोणीतरी पोलीस ठाण्यात फोन केला.

समारंभाच्या सकाळी मंगल कार्यालय गच्च भरलं. लोक डबे, कळशा आणि टॉवेल-टोपी घेऊन आले होते, कारण ‘आहेर आणू नये’ हे आपल्याकडे कोणीच मनावर घेत नाही. प्रभाकरराव पुस्तकांचा गठ्ठा लाल कापडाने झाकत होते, तेवढ्यात ठाण्यातले नत्थू जमादार आत आले.

“बडेबाबू, वधू कुठं हाये?”

“वधू नाही, साहेब. कादंबरी आहे.”

“वय किती?”

“परवाच छापून झाली.”

जमादारांनी टोपी काढली, पुसली आणि परत घातली. “हे पाहा, तक्रार आली. मले काहीतरी लिहूनच न्या लागन. पोरीले बलवा. जबाब घेतो तिचा.”

बडेबाबूंच्या बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या घरी पोलीस कधी आला नव्हता. आज तो साडेचारशे पाहुण्यांसमोर आला होता. शकुंतलाबाईंनी ट्रान्झिस्टर बंद केला, यावरून परिस्थितीचं गांभीर्य सगळ्यांच्या ध्यानात आलं. मयुरी स्टेजवर आली. जमादारांनी टेबलावर कागद मांडले, मधे कार्बन घातला.

“तुह्यं लगन हाये का आज?”

“नाई. बाबाईनं माह्यासाठी पुस्तक लिहिलं. त्याचा कार्यक्रम हाये.”

“कुठं हाये पुस्तक? वाच जरासं. नोंद घेतो.”

मयुरीने कापड बाजूला केलं. पहिली प्रत उचलताना तिचे कान लाल झाले होते, आणि असे तिचे कान फक्त आनंदानेच होत. ती माईकसमोर पानं उलटू लागली. म्हातारी, टीव्ही, गेलेले बैल, गूळ, बसलेली आई. जो तो आपापलं पान ऐकून शेजाऱ्याला कोपर मारत होता. एकसष्टावं पान आलं. “आत्या, मला सदर पेरू हवा आहे,” तिने वाचलं. ती थांबली. पुढचं पान उलटलं, त्याच्या पुढचं उलटलं.

“बाबा, हे कोन हाये?”

“रुख्मिणी.”

“हे असं कोन बोलते?”

तिच्या कानांचा रंग उतरला होता. तिने पुस्तक हलकेच मिटून गठ्ठ्यावर ठेवलं. वहीपण तिने अशीच ठेवली होती. पोलिसांची, पाहुण्यांची, सचिवांची लाज कुठल्या कुठे गेली आणि एवढी एकच लाज उरली. ते माईकपाशी आले. चारचौघांत ते नेहमी कागदावरचीच भाषा बोलत. आज तीही सुचेना.

“मीच बदललं,” ते म्हणाले. “तुह्यावानीच बोलत होती ते. मले कोनी सांगतलं नाई. मले भेव लागलं. लोकं हासतीन तुले, असं वाटलं. चूक झाली माही, बेटा.”

नत्थू जमादार मात्र घाईत होते.

“ते ठीक हाये. पन गोष्ट काय हाये मंग? जबाबात लिहा लागते. साहेब पुसतीन मले.”

मयुरीने वडिलांकडे पाहिलं. बडेबाबू डोळे पुसत होते आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हते.

“मी सांगतो,” ती जमादारांना म्हणाली. “रुख्मिणी खरंच काय करते ते मी सांगतो.”

आणि ती सांगू लागली. पहिली दोन वाक्यं अडखळत गेली. “रुख्मिणीले झाडावर चढता येत नाई. तिले भेव लागते. पन बैल कोन्या रस्त्यानं गेले ते पाहाचं तं वर जाच लागन. ते म्हणे, जाऊ दे वो, पडलो तं पडलो...” जमादार लिहू लागले. पहिल्या रांगेतून सचिव उठले.

“जमादारसाहेब, सरकारी कागद आहे. जरा शुद्ध भाषेत उतरवून घ्या.”

“नाई जमत,” नत्थू जमादार मान वर न करता म्हणाले. “जबाब जसा सांगतला तसाच लिहा लागते. एक शब्द इकडचा तिकडं केला तं कोर्टात मले उभं करते. तू सांग वो बाई. मंग?”

मयुरीने सांगितलं. झाडावर अर्ध्यात अडकलेली रुख्मिणी खालून जाणाऱ्या कंडक्टरशी भांडली तेव्हा लोक हसले, आणि मयुरीला नाही, कंडक्टरला हसले. चोर परत आला. तो कुठल्या गावचा, हे कोणी विचारलं नाही. शेतकरी बैलांच्या रिकाम्या दाव्यापाशी बसून रडला, तेव्हा तानबाजींनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. जेवण निवून गेलं. जमादारांनी तीनदा कागद बदलले आणि प्रत्येक वेळी “थांब, थांब... हं, मंग?” असं म्हणाले. कुठल्याही कायद्यात नसलेला हा प्रश्न ते पाऊण तास विचारत राहिले.

शेवटी दोन पंच लागले. तानबाजी आणि शकुंतलाबाई पुढे झाले. गोष्टीत आपण कुठे आलो, हे दोघांपैकी कोणी विचारलं नाही. जमादारांनी नियमाप्रमाणे जबाब पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला, आणि रुख्मिणी कागदावरून उठून सगळ्या सभागृहाशी आपल्या घरच्यासारखी बोलली. खाली त्यांनी लिहिलं, ‘वरील जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे.’

मयुरीने ते दोनदा वाचलं. मग सही केली. पेन मात्र परत दिलं नाही.

“काका,” ती म्हणाली, “आनखी कोरे कागद हायेत का तुमच्याजवळ? मले पुढचं लिहाचं हाये.”